घर, शाळा आणि दवाखाना

आपल्या भोईवाड्यातून परळच्या दिशेने थोडेसे चालत गेले, की तीन मोठी रुग्णालये लागतात. १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय, १९२९ साली केवळ मुलांसाठी सुरू झालेले वाडिया रुग्णालय आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय. या रस्त्यावर तुम्हांला देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे दिसतात. कोणाच्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट असते, कोणाच्या कडेवर आजारी मूल असते. रुग्ण दवाखान्याकडे येतो, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की तिच्याबद्दल आपण कधी विचारही करत नाही.

पण ज्या गावाहून रस्ताच निघत नाही, तेथील रुग्णाने काय करावे? ज्याच्याजवळ प्रवासाला पैसा नाही, त्याने कोठे जावे? अशा वेळी एकच उपाय उरतो. रुग्ण दवाखान्याकडे येऊ शकत नसेल, तर दवाखान्याने रुग्णाकडे जायचे.

दवाखाना चालत कसा जाईल, असे तुम्ही विचाराल. तो रुळांवरून जाऊ शकतो. १९९१ साली आपल्या मुंबईतूनच 'लाइफलाइन एक्स्प्रेस' नावाची रेल्वेगाडी निघाली. तिच्या डब्यांत शस्त्रक्रियेची खोली आहे. ही गाडी लहान लहान स्टेशनांवर काही आठवडे थांबते. शहरांतील डॉक्टर तेथे जातात, मोतीबिंदूच्या, दुभंगलेल्या ओठांच्या, वाकड्या पायांच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करतात आणि आपापल्या घरी परततात. त्यांची मुले घरीच असतात. बाबा काही दिवसांसाठी गावाला गेले आहेत, एवढेच त्यांना ठाऊक असते.

परंतु काही डॉक्टर काही दिवसांसाठी जात नाहीत. ते वर्षानुवर्षांसाठी जातात. मग त्यांच्या मुलांचे काय होते? ती कोठे राहतात, कोठे शिकतात, कोणाबरोबर खेळतात? या पाठात आपण अशा मुलांविषयी वाचणार आहोत. त्यांतील काही मुले आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या जहाजावर वाढली. काही मुले आपल्याच महाराष्ट्रातील एका घनदाट जंगलात वाढली.

प्रथम जहाजाविषयी पाहू. आफ्रिका खंडातील अनेक मोठी शहरे समुद्रकिनाऱ्यावर आहेत. तेथील कितीतरी देशांत लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर फार थोडे आहेत. रुग्णालयाची इमारत बांधायला जागा, वीज, पाणी आणि पुष्कळ वर्षे लागतात. जहाजावर मात्र वीज आणि पाणी यांची सोय आधीच असते. ते आज एका देशाच्या बंदरात, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या देशाच्या बंदरात उभे राहू शकते. हा विचार करून 'मर्सी शिप्स' ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. तिचे 'आफ्रिका मर्सी' हे जहाज पूर्वी डेन्मार्कमध्ये रेल्वेचे डबे समुद्रापार नेण्याचे काम करत असे. त्याच्या पोटात रुग्णालय बांधण्यात आले आणि २००७ पासून ते रुग्णांच्या सेवेत आले. या जहाजाची लांबी १५२ मीटर आहे. त्यावर शस्त्रक्रियेच्या पाच खोल्या आहेत. २०२१ साली 'ग्लोबल मर्सी' हे त्याहूनही मोठे जहाज तयार झाले. ते पहिल्यापासूनच रुग्णालय म्हणून बांधलेले आहे.

'आफ्रिका मर्सी'वर सुमारे चारशे माणसे राहतात. डॉक्टर आणि परिचारिका तर असतातच. पण कप्तान, इंजिनियर, स्वयंपाकी, सुतार आणि शिक्षकही असतात. हे सर्व स्वयंसेवक आहेत. त्यांना पगार मिळत नाही. उलट आपला काही खर्च ते स्वतः करतात. काही जण दोन-तीन आठवड्यांसाठी येतात, तर काही जण अनेक वर्षांसाठी. अनेक वर्षांसाठी येणाऱ्यांपैकी कित्येक जण आपली बायकामुले बरोबर आणतात.

आता या मुलांच्या घराची कल्पना करा. आई, वडील आणि मुले मिळून एका लहानशा केबिनमध्ये राहतात. भोईवाड्यातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मित्रांना हे सांगायला नको, की कमी जागेत वस्तू नीट ठेवाव्या लागतात आणि माणसांनाही एकमेकांना सांभाळून घ्यावे लागते. जहाजावरची खाट एकावर एक अशी असते. जेवण सर्वांचे एकत्र, मोठ्या भोजनगृहात होते. अंगण म्हणजे जहाजाचा वरचा डेक. चेंडू कठड्यापलीकडे गेला, की तो समुद्राचा झाला!

शाळाही जहाजावरच असते. अगदी बालवर्गापासून बारावीपर्यंतचे वर्ग तेथे भरतात. वर्गात मुले थोडी आणि देश मात्र अनेक. शाळेत जाण्यासाठी बस नको, लोकल नको. एक जिना चढला किंवा उतरला, की शाळा आली. अधूनमधून आगीची सूचना देणारी घंटा वाजते. ती सरावासाठी असते. अशा वेळी लहान मुलांनीसुद्धा ठरलेल्या जागी शांतपणे जमायचे असते. जहाजावर हा नियम सर्वांना सारखा. समुद्रावर आग लागली, तर पळून जायला रस्ता नसतो.

याच जहाजाच्या खालच्या मजल्यांवर रुग्णालय आहे. तेथे येणाऱ्या काही रुग्णांच्या चेहऱ्यावर मोठमोठ्या गाठी असतात. जबड्यात सुरू झालेली गाठ पुष्कळदा कर्करोगाची नसते. वेळीच काढली, तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. पण शस्त्रक्रिया करणारा कोणी न भेटल्यामुळे ती वर्षानुवर्षे वाढत राहते. शेवटी माणसाला घास गिळता येत नाही, श्वास घेता येत नाही. गाठ जिवावर बेतते. त्याहीपूर्वी एक गोष्ट घडलेली असते. लोक त्या माणसाकडे पाहून पाठ फिरवतात.

डॉ. गॅरी पार्कर हे अमेरिकन शल्यचिकित्सक अशा गाठी काढण्याचे काम करत आले आहेत. १९८७ साली ते केवळ काही महिन्यांसाठी या संस्थेच्या जहाजावर आले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. त्यांचा विवाह जहाजावरच काम करणाऱ्या सुझन यांच्याशी झाला. त्यांची दोन्ही मुले जहाजावरच लहानाची मोठी झाली. ज्या चेहऱ्यांना पाहून मोठी माणसे दूर पळत, ते चेहरे या मुलांना अनोळखी राहिले नाहीत. माणूस आजारी असतो, भयानक नसतो, हा धडा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

मात्र या जीवनाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. जहाजावर माणसे सतत येतात आणि जातात. आज ज्याच्याशी दोस्ती झाली, तो पुढच्या महिन्यात आपल्या देशी निघून जातो. जहाजावरच्या मुलांना निरोप देण्याची सवय करावी लागते. आजी, आजोबा, चुलत भावंडे हजारो किलोमीटर दूर असतात. 'तुझे गाव कोणते?' या साध्या प्रश्नाचे उत्तरही त्यांना पटकन देता येत नाही. ही किंमत लहान नाही. सेवा करण्याचे आईवडिलांनी ठरवलेले असते. मुलांना कोणी विचारलेले नसते.

हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रातील एका कुटुंबासमोर तीन पिढ्या उभा राहिला. आता त्यांच्याकडे वळू.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा गावाजवळ बाबा आमटे आणि त्यांच्या पत्नी साधनाताई यांनी आनंदवन वसवले. त्या वेळी त्यांच्याबरोबर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये होते, असे सांगतात. आणखीही दोघे जण बरोबर होते. विकास आणि प्रकाश हे त्यांचे लहानगे मुलगे. कुष्ठरोगाला तेव्हा लोक अतिशय भीत. घरचे लोकसुद्धा रुग्णाला बाहेर काढत. आज या रोगावर औषधे आहेत आणि तो पूर्णपणे बरा होतो. पण त्या काळी तसे नव्हते. अशा रुग्णांच्या वस्तीतच ही दोन्ही मुले रांगली, खेळली आणि वाढली. पुढे दोघेही डॉक्टर झाले.

प्रकाश आमटे नागपूरला शल्यचिकित्सेचे पुढील शिक्षण घेत होते. त्यांच्या पत्नी मंदाकिनी भूलशास्त्र शिकलेल्या डॉक्टर होत्या. दोघांनाही शहरात चांगले स्थान मिळाले असते. परंतु भामरागडच्या जंगलातील माडिया गोंड आदिवासींसाठी बाबांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि हे तरुण जोडपे तेथे राहायला गेले. हे ठिकाण आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. नागपूरहून ते तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्या काळी पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर आला, की कित्येक महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. वीज नव्हती, टेलिफोन नव्हता. राहायला झोपडी होती. पण तिला दार नव्हते.

जहाजाभोवती पाणी असते, हेमलकशाभोवती जंगल होते. एवढाच काय तो फरक!

सुरुवातीला रुग्णच येईनात. माडिया लोक परक्या माणसाला पाहून जंगलात निघून जात. त्यांची भाषा डॉक्टरांना येत नव्हती आणि डॉक्टरांची भाषा त्यांना समजत नव्हती. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, एवढे विचारता आले नाही, तर इलाज कसा करायचा? म्हणून दोघेही आधी माडिया भाषा शिकले. दवाखाना म्हणजे रस्त्याच्या कडेची जागा. थंडीत शेकोटी पेटवायची आणि तेथेच रुग्ण तपासायचे. मग अंगावर भयंकर भाजलेला, फेफरे येणारा एक मुलगा बरा झाला. मेंदूच्या हिवतापाने मरणाच्या दारी पोहोचलेला एक माणूस उठून बसला. ही बातमी रानावनातून पसरली. एक रुग्ण बरा होऊन गेला, की चार नवे रुग्ण येऊ लागले. कोणी पायी येत, तर कोणाला बाजेवर घालून नातेवाईक खांद्यावरून आणत. आपल्या भोईवाड्याच्या नावात 'भोई' हा शब्द आहे. भोई म्हणजे पालखी किंवा डोली खांद्यावर वाहून नेणारे. हेमलकशाच्या वाटांवर प्रत्येक आप्तच भोई झाला होता.

१९७५ साली तेथे लहानसे रुग्णालय उभे राहिले. अस्वलाने फाडलेले रुग्ण, सर्पदंशाचे रुग्ण, अडलेल्या बाळंतिणी, सर्वांवर तेथे उपचार होऊ लागले. डॉक्टर प्रकाश शस्त्रक्रिया करत आणि डॉक्टर मंदाकिनी भूल देत. वीज नसल्यामुळे कंदिलाच्या उजेडात काम चाले.

अशा ठिकाणी त्यांची मुले दिगंत, अनिकेत आणि आरती लहानाची मोठी झाली. त्यांच्या अंगणात कोण होते, माहीत आहे? माकडे, हरणे, अस्वले आणि बिबटेसुद्धा! त्याचे असे झाले. एकदा शिकार करून परतणाऱ्या माडिया लोकांजवळ डॉक्टरांना मेलेली माकडीण दिसली. तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगलेले होते. माडिया लोक भूक भागवण्यासाठी शिकार करत. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतले. पुढे अशी पोरकी पिल्ले लोक स्वतःहून आणून देऊ लागले. दवाखान्याशेजारी प्राण्यांचे अनाथालयच तयार झाले. मुंबईची मुले जे प्राणी राणीच्या बागेत पिंजऱ्याबाहेरून पाहतात, ते या मुलांचे सोबती होते.

मुले शाळेत जाण्याच्या वयाची होऊ लागली, की आईवडिलांपुढे खरा प्रश्न उभा राहतो. आमटे कुटुंबाला मुलांना आनंदवनात किंवा नागपूरला ठेवता आले असते. पुष्कळ लोकांनी तसेच केले असते आणि त्यात काही गैरही नसते. पण १९७६ साली हेमलकशाला आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा निघाली होती. डॉक्टरांनी आपल्या मुलांना त्याच शाळेत घातले. माडिया मुलांच्या शेजारी, त्याच रांगेत त्यांची मुले बसली.

मित्रांनो, या ठिकाणी जरा थांबा आणि विचार करा. एखादा माणूस गरिबांसाठी शाळा काढतो आणि स्वतःच्या मुलाला मात्र दूरच्या शाळेत पाठवतो. तेव्हा गरिबांना काय वाटत असेल? 'ही शाळा आपल्यासाठी चांगली, त्यांच्या मुलांसाठी नाही', असेच ना? डॉक्टरांची मुले त्याच शाळेत शिकत असल्यामुळे तसे म्हणायला जागाच उरली नाही. हजार भाषणांनी जे काम झाले नसते, ते एका बाकाने केले.

येथे जहाजावरची शाळा आणि हेमलकशाची शाळा यांतील फरकही लक्षात येतो. जहाजाची शाळा जहाजावरच्या लोकांच्या मुलांसाठी असते. बंदरातील मुले किनाऱ्यावर राहतात आणि एके दिवशी जहाज निघून जाते. त्याला तसेच करावे लागते, कारण पुढच्या बंदरात दुसरे रुग्ण वाट पाहत असतात. हेमलकशाचे डॉक्टर मात्र एकाच जागी राहिले. त्यामुळे त्यांच्या मुलांना दोस्तांचा निरोप सारखा सारखा घ्यावा लागला नाही.

त्या शाळेतील आणखी एक गोष्ट तुमच्या फार जवळची आहे. माडिया मुले घरी माडिया बोलत आणि शाळेत मराठी शिकत. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि या पुस्तकातून मराठी शिकता. तुमचे काम त्यांच्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. दवाखाना, इलाज, जहाज, बंदर, दोस्त हे शब्द तुमच्या घरातही आहेत आणि मराठीतही आहेत. माडिया भाषा द्राविडी कुळातली. तिचे आणि मराठीचे कूळच वेगळे. तरीही त्या शाळेत शिकलेली मुले पुढे शिक्षक झाली, वकील झाली आणि डॉक्टरही झाली. डॉक्टरांची मुले खेळता खेळता माडिया बोलायला शिकली. एकाच वर्गात दोन्ही बाजूंनी शिकणे चालले होते.

तेथे सारे काही गोड होते, असे मात्र समजू नका. हिवतापाचे डास डॉक्टरांची मुले आणि माडियांची मुले असा भेद करत नसत. जंगलात साप होते. आईवडील दिवसरात्र रुग्णांमध्ये असत. मुलांना हाक मारावी, तर आई कोणाला तरी भूल देत असायची. पुढील शिक्षणासाठी त्यांना घर सोडून दूर जावेच लागले.

शिक्षण झाल्यावर दिगंत आणि अनिकेत काय करतील, हे त्यांच्या हाती होते. लहानपणी त्यांना कोणी विचारले नव्हते. आता निवड त्यांची होती. दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत इंजिनियर झाले. दोघेही हेमलकशाला परत आले. दिगंत आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनघा दवाखान्यात काम करू लागले. अनिकेत आणि त्यांच्या पत्नी समीक्षा यांनी शाळा व प्रकल्पाच्या इतर कामांत लक्ष घातले. २००८ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सुमारास या दवाखान्यात वर्षाला सुमारे चाळीस हजार रुग्णांवर विनामूल्य उपचार होत होते. पुरस्कार मोठाच आहे. पण मोठी होऊन मुले आपण होऊन परत आली, हे त्या आईवडिलांना मिळालेले त्याहूनही मोठे उत्तर आहे, असे मला वाटते.

सेवेला आपण उर्दूत खिदमत म्हणतो. खिदमत करणाऱ्याचे नाव लोक घेतात. परंतु ती एकट्याची कधीच नसते. घरातील लहान मुलेही तिचा वाटा उचलतात. कोणी खेळाची जागा सोडतो, कोणी दोस्त सोडतो, कोणी आईची वाट पाहत झोपी जातो. अशी मुले पाहायला आफ्रिकेला किंवा भामरागडला जायला नको. परळच्या रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय आपल्याच गल्ल्यांतून राहतात. त्यांची मुले आपल्याच शाळांत शिकतात. कदाचित तुमच्या वर्गात, तुमच्याच बाकावर त्यांच्यापैकी कोणी बसत असेल. सकाळी त्याचे डोळे झोपेने जड दिसले, तर त्याला हसू नका. काल रात्री त्याच्या आईने कोणाच्या तरी मुलाच्या उशाशी जागून काढली असेल.

शब्दार्थ
शल्यचिकित्सक – ऑपरेशन करणारा डॉक्टर, जर्राह
परिचारिका – नर्स
स्वयंसेवक – पगार न घेता काम करणारा, रज़ाकार
गाठ – रसौली
हिवताप – मलेरिया
फेफरे – मिरगी
पोरका – आईवडील नसलेला, यतीम
निरोप देणे – रुख्सत करणे
पाठ फिरवणे – तोंड वळवून निघून जाणे
जिवावर बेतणे – जिवाला धोका होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लाइफलाइन एक्स्प्रेस कोठून निघाली?
(आ) 'आफ्रिका मर्सी' हे जहाज पूर्वी कोणते काम करत असे?
(इ) हेमलकशाला आश्रमशाळा केव्हा निघाली?
२. कारणे लिहा.
(अ) जहाजावरच्या मुलांना निरोप देण्याची सवय करावी लागते.
(आ) डॉक्टर प्रकाश आणि डॉक्टर मंदाकिनी आधी माडिया भाषा शिकले.
३. 'हजार भाषणांनी जे काम झाले नसते, ते एका बाकाने केले.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले दहा शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या वस्तीत रुग्णालयात काम करणारे कोणी असेल, तर त्यांना भेटा. त्यांच्या कामाच्या वेळी घर कोण सांभाळते, ते विचारा आणि आठ-दहा ओळी लिहा.